झाकली मूठ

माझ्या माहेरच्या गावी एक म्हातारा कासार होता. नागपंचमी जवळ आली किंवा कुणाच्या घरी लग्न ठरले, की बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून तो वाड्यात यायचा आणि ओसरीवर बैठक मारायचा. बाईने हात पुढे केला, की तो अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबून पाहायचा आणि मागे न बघता माळेतून नेमक्या मापाच्या बांगड्या ओढून काढायचा. माझा हात पाहिला की हसून म्हणायचा, "ताईंचा हात दोन-दोनचा. चिमणीचा हात!" पुढे माझे लग्न झाले, दोन मुले झाली, वजनाच्या काट्याने माझ्याविषयी पुष्कळ अप्रिय गोष्टी सांगितल्या. हात मात्र दोन-दोनचाच राहिला.

ह्या कासाराची मला अलीकडे फार आठवण झाली, ती पिस्तूल विकत घेताना.

दचकू नका. पिस्तूल घेणे ही काही आमच्या घराण्याची रीत नव्हे. डोंबिवलीच्या आमच्या तीन खोल्यांत आजवर आलेले सर्वांत भयंकर शस्त्र म्हणजे सासूबाईंची विळी. तीही वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हळदकुंकू लावून पूजेला बसते आणि एरवी कोथिंबिरीवर आपला पराक्रम गाजवते. दिवाळीत मुले लहान असताना टिकल्यांचे पिस्तूल घरी यायचे, तेवढाच आमचा दारूगोळ्याशी संबंध.

पण 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली, पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने रायफलमध्ये एक मिळवले, आणि आमच्या चौदा वर्षांच्या चिमीने जाहीर केले, "मी नेमबाजी शिकणार." ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले. मी सासूबाईंकडे पाहिले. वाटले, आता मुलीच्या जातीवर एक व्याख्यान होणार. पण सासूबाई पडल्या कोल्हापूरच्या. त्या म्हणाल्या, "शिकू दे की. आमच्या गावच्या राही सरनोबतनं 2018 साली आशियाई खेळात पिस्तुलात सोनं आणलं. त्याआधी नेमबाजीत तिथं सोनं कुणा भारतीय बाईला मिळालं नव्हतं. हिच्या अंगात निम्मं रक्त कोल्हापूरचं आहे." उरलेले निम्मे रक्त माझे, त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

चिमीचे नाव घराजवळच्या एका क्लबात घातले. खेळ दहा मीटर अंतरावरून हवेच्या पिस्तुलाने खेळायचा. हे पिस्तूल एकाच हाताने उचलायचे आणि लांब धरायचे. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही, म्हणून मुली तो खिशात घालतात किंवा कमरपट्ट्यात अडकवतात. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. स्पर्धेत असे 60 नेम सव्वा तासात मारायचे. पूर्वी बायकांना 40 नेम असत. 2018 पासून पुरुषांइतकेच 60 झाले आहेत. सुमारे एक किलोचे वजन हात ताठ ठेवून साठ वेळा उचलून बघा, म्हणजे हा खेळ बसल्या जागचा नाही हे ध्यानात येईल. मी पिठाच्या डब्यावर प्रयोग करून पाहिला. बाराव्या वेळी डबा खाली ठेवला.

क्लबात दोन पिस्तुले होती. दोन्हींच्या मुठी चांगल्या दणकट लाकडी, कुणा मोठ्या मुलांच्या मापाच्या. चिमीने मूठ पकडली, की तिची तर्जनी चापापर्यंत कशीबशी पोचायची. पोचायची म्हणजे नखाजवळचा शेंडा तेवढा टेकायचा. तो टेकावा म्हणून ती सगळा हात मुठीभोवती थोडा वळवून घ्यायची. मग नळी एकीकडे आणि मनगट एकीकडे. चाप ओढला की छर्रा डावीकडे. पुन्हा नेम, पुन्हा डावीकडे. महिन्याभराचे कागद तिने जपून ठेवले होते. सगळ्यांवर भोकांचा पुंजका काळ्या वर्तुळाच्या डाव्या अंगाला, जणू उजव्या बाजूला काही सोवळ्यातले मांडून ठेवले आहे.

शिकवणारे गृहस्थ मनाने चांगले होते. त्यांनी तिला लक्ष द्यायला सांगितले, श्वास रोखायला सांगितले, चाप झटक्याने ओढू नकोस असे बजावले. चिमीने सगळे केले. शेवटी एका संध्याकाळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगी मेहनती आहे हो, पण हात लहान आहे हिचा. दोनतीन वर्षं थांबा. हात वाढला की बघू."

घरी येताना चिमी एक शब्द बोलली नाही. रात्री मी भांडी आवरत होते, तेव्हा ती येऊन ओट्याशी उभी राहिली. माझा ओला हात तिने आपल्या तळव्यावर ठेवला आणि बोटाला बोट लावून पाहिले. पेराला पेर जुळले.

"म्हणजे वाढणार नाही," ती म्हणाली.

मी म्हटले, "अगं, अजून तू लहान आहेस."

"तू कुठे लहान आहेस?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. मी बारा वर्षांची असताना मला पेटी शिकायची होती. वडिलांनी मास्तर लावले. तीनचार महिन्यांनी मास्तरांनी माझी बोटे उलटीपालटी करून पाहिली आणि वडिलांना सांगितले, "बोटं आखूड आहेत. हिला पेटी जमायची नाही." बस्स. पेटी शेजारच्या मुलाला दिली गेली. मी भरतकाम शिकले. त्या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली. ह्या तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आले नाही, की मास्तर चुकले असतील. आपला हातच कमी, हे मी डोळ्यांचा रंग मान्य करावा तसे मान्य करून टाकले होते. आता तोच हात मी मुलीला दिला होता. त्याबरोबर ते वाक्यही द्यायचे का, एवढाच प्रश्न होता.

सकाळी चहाच्या वेळी घरात परिषद भरली. तीत खालच्या मजल्यावरचे सुभेदारकाकाही होते. फौजेत अठ्ठावीस वर्षे काढलेला माणूस. चहाची वेळ त्यांना बरोबर कळते.

ह्यांनी तोडगा काढला. "सोपं आहे. हात लहान, तर पिस्तूल लहान घ्यावं. बायकांसाठी असतात ना छोटी छोटी? ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचं आलं होतं 2014 साली. निर्भीक!"

त्याची मलाही आठवण होती. दिल्लीच्या त्या दुर्दैवी मुलीच्या नावावरून ठेवलेले नाव, .32 बोअरचे, अवघ्या अर्ध्या किलोच्या आसपासचे रिव्हॉल्व्हर. किंमत सव्वा लाखाच्या घरात आणि दागिन्यांची असावी तशी मरून रंगाची पेटी. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण एवढी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

सुभेदारकाकांनी कप खाली ठेवला. "साहेब, ते खेळाचं हत्यार नव्हे, आणि त्याला परवाना लागतो. ते सोडा. पण 'लहान हाताला लहान हत्यार' हे तुम्ही म्हणता ना, तिथंच सगळे फसतात. हत्यार हलकं झालं की गोळी सुटताना जास्त उसळतं. वाऱ्यानं सूप उडतं, पाटा उडतो का? त्यात मूठ आखूड असली तर करंगळीला जागाच नाही. मग ते लहान हत्यार धरायला मोठ्या हत्यारापेक्षा अवघड. नवशिक्याच्या हाती अगदी बारकं, हलकं रिव्हॉल्व्हर देणं म्हणजे पोहायला शिकवायला विहिरीत ढकलणं."

"मग लहान हातवाल्यानं करायचं काय?" मी विचारले.

"दोन मापं बघायची, वहिनी." त्यांनी आपला पंजा पसरला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीवर बोट ठेवले. "हत्यार मागून इथं बसतं. इथून चापापर्यंत किती अंतर, हे एक. आणि मुठीचा घेर किती, हे दुसरं. नळी लांब की आखूड, हत्यार दिसायला केवढं, ह्याचा हाताशी काही संबंध नाही. मोठं दिसणारं पिस्तूलसुद्धा लहान हातात बसेल, जर ही दोन मापं जुळली तर. आणि नाही जुळली, तर खिशात मावणारंही बसायचं नाही."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकन फौजेने 1911 साली एक पिस्तूल स्वीकारले, .45 बोअरचे, चांगले वजनदार. पहिल्या महायुद्धात ते हजारो शिपायांच्या हाती गेले, आणि तक्रार आली, की पुष्कळांचे बोट चापावर नीट पोचत नाही. तेव्हा 1920 नंतरच्या दशकात त्या पिस्तुलात फेरफार केले गेले. चाप आखूड करून मागे आणला, आणि चापामागे सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना थोडे खोलगट कोरले, म्हणजे बोटाला वाट मिळावी. नळी तीच, गोळी तीच.

"एवढी मोठी फौज," काका म्हणाले, "पण त्यांनी शिपायांना सांगितलं नाही, की हात वाढवून या."

चिमी दाराशी उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिले आणि मला ओसरीवरचा कासार दिसला. आयुष्यभर त्याने शेकडो हात पाहिले असतील, मोठे, लहान, रापलेले, सुजलेले. "बाई, हात बदलून आणा," असे तो कधी कुणाला म्हणाला नाही. माळेत माप नसले तर म्हणायचा, "पुढच्या खेपेला आणतो."

पुण्याला एक बाई पिस्तूल शिकवतात, असे कळले. स्वतः पुष्कळ वर्षे खेळलेल्या. एका रविवारी कल्याणहून गाडी पकडून आम्ही दोघी गेलो. मी वाटेत ठरवून टाकले होते, की बाईंना आधी सगळी हकीकत सांगायची. पण त्यांनी मला बोलूच दिले नाही. चिमीला समोर बसवले, एक कोरा कागद काढला आणि म्हणाल्या, "पिस्तूल मग. आधी हात."

चिमीचा पंजा कागदावर ठेवून त्यांनी भोवती पेन्सिल फिरवली. बेचकीपासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंत पट्टी लावली, तळव्याची रुंदी मोजली, आकडे कोपऱ्यात लिहिले. मग म्हणाल्या, "लहान आहे. पण लहान म्हणजे वाईट नव्हे. लहान म्हणजे लहान." माझ्या मुलीचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते मी सांगत बसत नाही.

त्यांच्या कपाटात चारपाच पिस्तुले होती. ह्या खेळातल्या नामांकित कंपन्या सगळ्या परदेशी. स्वित्झर्लंडची मोरिनी, ऑस्ट्रियाची स्टायर, जर्मनीच्या वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीची पार्डिनी. मला वाटले होते, की कुठली कंपनी चांगली हे त्या सांगतील आणि आम्ही वहीत लिहून घेऊ. त्या म्हणाल्या, "ह्यांपैकी कुठलंही पिस्तूल यंत्रात बसवून झाडलं, तर छर्रा दहाच्या वर्तुळातच जाईल. प्रश्न पिस्तुलाचा नसतो. प्रश्न मुठीचा असतो. ही मूठ वेगळी निघते, आणि ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. डावरऱ्यांची निराळी. लोक लाखलाख रुपये पिस्तुलाला मोजतात आणि मूठ जी आली ती वापरतात. म्हणजे शालू भारीतला घ्यायचा आणि चोळी दुकानदाराच्या बायकोच्या मापाची."

मग त्यांनी लहान मुठीचे एक पिस्तूल काढले, नळी मोकळी असल्याची खात्री आधी स्वतः केली, मग चिमीकडून करवून घेतली, आणि शिकवायला सुरुवात केली. मी आईपणाने सगळे ध्यानात ठेवले. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांच्यासाठी सांगते.

पहिली गोष्ट, बेचकी मुठीच्या मागच्या खोबणीत वरपर्यंत घट्ट बसली पाहिजे, आणि नळी, मनगट व कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला पाहिजे. बोट पोचावे म्हणून हात वळवावा लागत असेल, तर ती मूठ आपली नव्हे. दुसरी, तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर टेकला पाहिजे, आणि उरलेले बोट मुठीच्या लाकडाला कुठेही लागता कामा नये. मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी. बोट लाकडाला घासले, किंवा नुसता शेंडाच चापावर टेकला, की चाप सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो. उजव्या हाताच्या माणसाचा शेंड्याने ओढलेला छर्रा बहुधा डावीकडे जातो. चिमीने माझ्याकडे पाहिले. महिनाभर जपून ठेवलेल्या त्या कागदांचा अर्थ आम्हांला तेव्हा लागला.

तिसरी गोष्ट खालच्या तीन बोटांची. ती मुठीभोवती सहज वळली पाहिजेत. मूठ जाड असली तर बोटे उघडी राहतात आणि पिस्तूल चिमटीत धरल्यासारखे होते. फार बारीक असली तर नखे तळव्यात रुततात. चौथी, तळहाताच्या खाली एक सरकती लाकडी फळी असते. ती वर सरकवून हाताच्या मापाला आणायची, पण हात आवळला जाईल इतकी नाही. ह्या फळीने मनगटाला आधार देण्याला नियमाने बंदी आहे. मनगट मोकळे दिसलेच पाहिजे.

"आणि हा चाप," बाई म्हणाल्या, "पुढेमागे सरकतो. एक स्क्रू सैल केला की झालं." त्यांनी तो सरकवला. दोनतीन मिलिमीटर असेल, फार नाही. चिमीचे पेर चापावर बरोबर बसले. महिनाभर जिच्यासाठी माझी मुलगी रडली, ती गोष्ट दोनतीन मिलिमीटरची होती.

शेवटी बाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले. "हात उचल. नेम धरल्यासारखा. आता डोळे उघड. नळीच्या टोकावरची खूण मागच्या खाचेत दिसते?"

"थोडी उजवीकडे आहे."

"मग अजून थोडं घासावं लागेल. मूठ जुळली, की डोळे मिटून हात उचलला तरी खूण आपोआप खाचेत येते. डोळ्यांनी ओढूनताणून आणावी लागत नाही."

वजनाविषयी मी विचारले. नियमाची मर्यादा दीड किलोची, पण बहुतेक पिस्तुले किलोच्या आसपासच असतात. पिस्तूल जड आणि पुढे ओझे असलेले असले तर हात कमी डुलतो, पण लवकर थकतो. म्हणून मुलींनी आधी हलके, आखूड नळीचे घ्यावे आणि ताकद वाढेल तसतशी नळीखाली छोटी वजने अडकवावीत. चापाला मात्र सवलत नाही. तो निदान 500 ग्रॅमचा ओढ सोसणारा हवा. स्पर्धेत पिस्तूल उभे धरून चापाला खरोखरच वजन टांगून बघतात. अर्धा किलो साखरेची पुडी एका बोटावर, असे मी आपल्या मनाशी ताडून घेतले.

नव्या पिस्तुलाची किंमत ऐकून ह्यांनी फोनवर बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाले, "स्कूटर अजून दोन वर्षं चालेल." अखेर बाईंच्याच एका शिष्येचे वापरलेले पिस्तूल मिळाले. ती शिक्षणासाठी परगावी चालली होती. साडेचार मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या हत्याराला 2016 च्या शस्त्रनियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी सुभेदारकाकांनी कपाटाला निराळे कुलूप करवून घेतले, आणि किल्ली माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी आली.

त्या पिस्तुलाची मूठ मध्यम होती. लहान मूठ मागवली, ती दीड महिन्याने आली. आली तरी ती काही चिमीसाठी घडवलेली नव्हती. बाईंनी सांगितले होते, की जिथे टोचते तिथे कानशीने घासायचे आणि जिथे पोकळ लागते तिथे लाकडाची लांबी भरायची. पण टोचते नेमके कुठे? चिमीला सांगता येईना. तेव्हा सासूबाईंनी कुंकवाचा करंडा आणून पुढे ठेवला. "हाताला लाव आणि पकड. लग्नात भिंतीवर हात उमटवतात तसा उमटेल." आणि खरेच, जिथे दाब जास्त तिथे लाल दाट आणि जिथे पोकळ तिथे कोरे. मग हे रोज रात्री जेवणे झाल्यावर वर्तमानपत्र पसरून बसायचे. थोडे घासायचे, कुंकू लावायचे, पाहायचे. ऑफिसच्या फायलींवर सह्या करणारे हात. पण मी त्यांना असे तन्मय होऊन काम करताना फार दिवसांनी पाहिले. तीन आठवडे आमच्या दिवाणखान्यात लाकडाचा भुसा आणि कुंकू यांचे राज्य होते. अजूनही त्या मुठीच्या खाचांत थोडी लाली आहे.

ह्यानंतर चिमीने पहिल्याच दिवशी दहात दहा मारले, असे लिहायला मला फार आवडले असते. तसे काही झाले नाही. उलट छर्रे चहूकडे जाऊ लागले. वर, खाली, उजवीकडेही. मी मनातून घाबरले. एवढा खर्च, एवढी यातायात, आणि पूर्वी निदान सगळे एका जागी तरी पडत होते! पण चिमी मात्र खुशीत होती. मी कारण विचारले तर म्हणाली, "आई, पूर्वी नेम चुकला तर मला वाटायचं, मीच तशी आहे. आता चुकला तर कळतं, की का चुकला. हा बघ, ह्या वेळी मी घाई केली. आणि ह्या वेळी मनगट सैल पडलं."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. चौदा वर्षांच्या मुलीने मला माझ्या तीस वर्षांचा हिशेब समजावून दिला होता. साधन हाताला जुळत नसले, की त्याच्या चुका आपण आपल्या म्हणून अंगावर घेतो, आणि त्या काही केल्या सुधारत नाहीत, कारण त्या आपल्या नसतातच. साधन जुळले तरी चुका राहतातच. पण त्या आपल्या असतात, आणि आपली चूक आपल्याला सुधारता येते.

पुढे जिल्ह्याची स्पर्धा झाली. 600 पैकी चिमीला 521 मिळाले. पदक दूरच, पहिल्या वीसांतही नाव नव्हते. पण तिने साठच्या साठ नेम मारले, आणि त्या कागदावर पुंजका मधोमध होता. मोठा, विस्कळीत, पण मधोमध. तिथे ते क्लबातले गृहस्थही आले होते. त्यांनी पिस्तूल हातात घेतले, मूठ निरखली, त्यांच्या पंज्यात ती अर्धीच आली. जरा वेळाने म्हणाले, "ही लहान मूठ कुठून मागवलीत? आमच्याकडे आणखी दोन मुली आहेत." मी पत्ता लिहून दिला. कुणावर रागवायचे ते राहूनच गेले. माणूस वाईट नव्हताच. त्याच्या माळेत ते माप नव्हते, एवढेच. आणि दुसरे माप असते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

यंदा खंडेनवमीला पाटावर सासूबाईंची विळी, माझे शिवणयंत्र, ह्यांची कानस आणि चिमीचे पिस्तूल अशी पूजा मांडली. सासूबाईंनी पिस्तुलाला हळदकुंकू वाहिले. म्हणाल्या, "ह्याला कुंकवाची सवय आहेच."

संध्याकाळी आवराआवर करताना पिस्तूल उचलून ठेवायचे काम माझ्याकडे होते. काकांनी शिकवल्याप्रमाणे नळी मोकळी असल्याचे पाहिले. खोलीत कुणी नव्हते. मी तोंड भिंतीकडे केले, मूठ पकडली आणि डोळे मिटून हात उचलला. बेचकी खोबणीत बसली. तीन बोटे सहज वळली. तर्जनीचे पेर चापाजवळ आपोआप आले. ते टेकवायचे नाही, हा नियम मी पाळला. डोळे उघडले, तर नळीच्या टोकावरची खूण खाचेत बरोबर मधोमध.

जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्या हाताच्या मापाची म्हणून घडवलेली माझ्या हाती होती. बांगड्या सोडल्या तर.

मी पिस्तूल कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि बाहेर येऊन ह्यांना विचारले, "जुनी पेटी केवढ्याला मिळते हो?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले. चिमीकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे.

"स्कूटर अजून तीन वर्षं चालेल," ते म्हणाले.